छोट्या बाथरूमचा साधा मेकओव्हर, तोडफोड न करता: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं आपल्याकडच्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या बाथरूमबद्दल आहे, म्हणजे चार बाय सहा किंवा फार तर पाच बाय सात, एका कोपऱ्यात गीझर, खाली बादली, खिडकीला काचेच्या पट्ट्या, आणि आंघोळ झाली की दारापर्यंत सगळं ओलं. परदेशी व्हिडिओतली कोरडी बाथरूम बघून प्लॅन करायला गेलात तर अर्ध्या गोष्टी आपल्याकडे चालतच नाहीत, म्हणून वेगळं लिहितेय.

साधा मेकओव्हर म्हणजे नक्की काय काय? कुठे थांबायचं?

माझा एकच नियम आहे, जमिनीची लादी उखडायची नाही. भिंत, दार, छत, नळ, आरसा, दिवा, शेल्फ, फटी, जाळी हे सगळं बदला, मनसोक्त बदला. पण जमिनीला छिन्नी लागली की ते मेकओव्हर राहत नाही, ते बांधकाम होतं, कारण त्या लादीखाली कोबा (सिमेंट-खडीचा थर) आहे, वॉटरप्रूफिंग आहे, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, सांडपाणी जाण्याचं वाकडं भांडं) आहे आणि त्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी छत आहे. एक लादी जरी नीट निघाली तरी छिन्नीच्या दणक्याने खालचा थर तडकू शकतो आणि ते लगेच कळत नाही, कळतं ते खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवतात तेव्हा.

म्हणजे भारतीय संडास काढून कमोड बसवणं, ट्रॅपची जागा हलवणं, भिंतीतली पाइपलाइन बदलणं, हे साध्या कामात येत नाही. करायचं तर जरूर करा, पण मग वॉटरप्रूफिंगसकट पूर्ण करा आणि बजेटही तसं ठेवा. अर्धवट केलं की दोन्ही बाजूंनी नुकसान.

सुरुवात कुठून करायची? टाइल्स बघायला जाऊ का?

नाही! आधी ओल शोधा. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू बघा, बेडरूममधली किंवा पॅसेजमधली. तिथे रंगाला फुगे आलेत, पांढरी पावडर सुटतेय, खालच्या बाजूला डाग आहेत, तर आतमध्ये कितीही सुंदर आरसा लावलात तरी सहा महिन्यांत परत तेच. खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांचं छतही बघून या, थोडं अवघड वाटतं पण पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यांनाही बरं वाटतं.

ओल कशामुळे याचा ढोबळ अंदाज असा: गावाला गेलात, चार दिवस बाथरूम वापरलंच नाही आणि मेन कॉक चालू असताना ओल तशीच राहिली किंवा वाढली, तर भिंतीतली पाण्याची लाइन गळत असण्याची शक्यता जास्त, कारण तिच्यात पाणी कायम भरलेलं असतं. वापर बंद केल्यावर ओल हळूहळू सुकली तर पाणी वापरतानाच झिरपतंय, म्हणजे फटी, ट्रॅपचा काठ, कमोडचा जोड यातलं काहीतरी. दुसऱ्या प्रकारातलं बरंचसं काम फटी नीट भरून सुधारू शकतं, पहिल्या प्रकाराला प्लंबरच हवा.

जमिनीबद्दल शंका असेल तर जाळीचं तोंड कापड कोंबून पक्कं बंद करायचं, इंचभर पाणी साठवायचं, चोवीस तास ठेवायचं आणि खाली काय दिसतंय ते बघायचं. आधी खालच्यांना सांगून ठेवा म्हणजे झालं.

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

फटींनी. लोकांना पटत नाही, पण बाथरूम जुनं दिसतं ते लाद्यांमुळे क्वचितच, जुनं दिसतं ते लाद्यांमधल्या काळ्या पिवळ्या रेघांमुळे. जुन्या कामात फटीत साधं सफेद सिमेंट भरलेलं असतं, ते पाणी पितं, साबण पितं, मग त्यात बुरशी धरते आणि आपण घासत बसतो. आठवड्याला घासून घासून ते सिमेंट अजून झिजतं आणि फट उघडी पडते.

उपाय म्हणजे जुना माल खरवडून काढायचा, निदान दोनतीन मिलिमीटर खोल, फट पूर्ण सुकू द्यायची आणि मग एपॉक्सी ग्राउट भरायचं. एपॉक्सी पाणी पीत नाही, डाग धरत नाही, पण महाग आहे आणि भरायला चिवट आहे. तो रेझिन, हार्डनर आणि फिलर असा वेगवेगळा येतो, पाकिटावर जे प्रमाण दिलंय ते तसंच घ्यायचं, डोळ्यांनी अंदाज करून अर्धं कालवलं तर नीट सुकतच नाही. एकदा कालवलं की वेळ कमी असतो, उन्हाळ्यात तर अजूनच कमी, म्हणून थोडं थोडं कालवा, एक भाग भरा, लगेच पुसा. लादीवर राहिलेला पापुद्रा दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर रडकुंडीला याल. हातमोजे घालाच, रेझिनने कातडीला खाज आणि पुरळ येऊ शकते. आणि भरल्यावर निदान एक दिवस पाणी नाही, म्हणजे आंघोळीची दुसरी सोय बघून ठेवायची.

आता एक अडचण. १९८०-९० च्या बिल्डिंगमध्ये ज्या छोट्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स असतात ना, त्या एकमेकींना चिकटवून लावलेल्या असतात, मध्ये फटच नसते, केसाएवढी रेघ असते. तिथे एपॉक्सी शिरणार कुठून? तिथे फक्त उघडलेल्या जागा, कोपरे आणि नळांच्या भोवतीची भोकं भरून घ्या, बाकी स्वच्छ करा आणि सोडून द्या. कुणी "सगळं एपॉक्सी करून देतो" म्हणत चौरस फुटाचा रेट सांगत असेल तर आधी त्याला एक रेघ खरवडून दाखवायला सांगा.

आणि हो, फटीत एपॉक्सी भरलं म्हणजे वॉटरप्रूफिंग झालं असं नाही. वरून जाणारं पाणी कमी होतं, पण खालचा थर खराब असेल तर तो खराबच राहतो.

टाइल्सवरचे पांढरे डाग अॅसिडने काढू का? आमच्याकडे बाई तेच वापरतात.

नका काढू. अॅसिडने डाग जातात हे खरं आहे, पण सोबत फटीतलं सिमेंट जातं, नळाचं क्रोम जातं, आणि जमीन मार्बल किंवा कोटा असेल तर तिची चमकही जाते. ते पांढरे डाग म्हणजे जड पाण्यातला क्षार, त्याला सौम्य आंबट पुरतं: व्हिनेगर किंवा लिंबूसत्व पाण्यात विरघळवून, कापड भिजवून नळावर गुंडाळून ठेवायचं, पंधरावीस मिनिटांनी घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मार्बलवर मात्र हेही नको, तिथे नुसतं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश.

महत्त्वाचं: टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड आणि ब्लीच कधीच एकत्र वापरू नका, एकामागोमाग एकसुद्धा नको. क्लोरीन वायू तयार होतो आणि चार बाय सहाच्या बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो. कामवाल्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, दोन बाटल्या दोन वेगळ्या जागी ठेवा.

जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स लावता येतात का?

भिंतीवर येतात, आणि तोडफोड टाळायची तर हा चांगला पर्याय आहे. अट एवढीच की जुनी टाइल पक्की बसलेली हवी. नाण्याने किंवा चावीने प्रत्येक टाइल ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून तिथे भरून घ्यायला लागेल. लावताना साधं सिमेंट चालत नाही, गुळगुळीत टाइलला ते धरत नाही, टाइल अॅडहेसिव्हच पाहिजे आणि पिशवीवर टाइलवर टाइल लावण्यासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. गवंडी म्हणतील "काय गरज नाय ताई, सिमेंटात थोडं केमिकल टाकतो", ऐकू नका.

जाडी वाढते हे लोक विसरतात. टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून साधारण एक ते दीड सेंटीमीटर भिंत पुढे येते, म्हणजे नळाला एक्स्टेन्शन निपल (नळ पुढे आणणारा छोटा जोड) लागतो, स्विचबोर्ड आत जातो, दाराच्या चौकटीपाशी काठ उघडा दिसतो. हे सगळं आधी मोजून ठेवा.

जमिनीवर टाइलवर टाइल? मी तरी नाही म्हणेन. उंची वाढली की उंबरा बुटका होतो, पाणी बाहेर यायला लागतं, दार खालून कापायला लागतं, उतार बिघडला तर कोपऱ्यात पाणी साठतं. उतार ज्याला नीट जमतो असा कारागीर हातात असेल आणि उंबरा चांगला उंच असेल तरच विचार करा.

टाइल किती आणि कोणती घ्यायची?

भिंतीला बारा बाय अठरा किंवा बारा बाय चोवीस इंची सिरॅमिक चालते, छोट्या बाथरूमला यापेक्षा मोठी घेतली तर कापाकापीत माल जास्त वाया जातो. मोजून जे येईल त्यावर दहा टक्के जास्त घ्या आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का ते दुकानातच बघा, बॉक्सवर शेड नंबर छापलेला असतो. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो, तेच डिझाइन दोन महिन्यांनी मागितलं तर मिळेलच असं नाही, म्हणून चारसहा टाइल्स माळ्यावर टाकून ठेवाच. दुकानदाराने सांगितलेला रेट जीएसटी धरून आहे का तेही विचारा, टाइल्सवर १८ टक्के लागतो आणि बिलाच्या वेळी तोंड कडू होतं.

रंगाचं सांगायचं तर एकदम पांढरा आणि एकदम काळा दोन्ही नको. काळ्यावर क्षाराचे डाग चांदण्यासारखे उठून दिसतात. फिकट राखाडी, बेज, मातकट असं काहीतरी, म्हणजे रोज पुसायचं टेन्शन नाही.

टाइल स्टिकर आणि टाइल पेंट कसे आहेत?

बेसिनच्या मागच्या भिंतीला, जिथे फक्त शिंतोडे उडतात, तिथे ठीक. जिथे बादलीने आंघोळ होते, गरम पाणी आणि साबण रोज आदळतो, तिथे स्टिकरच्या कडा सुटतात आणि मागे बुरशी धरते. पेंटचंही तेच, एपॉक्सीवाला घेतला, खाली प्रायमर मारला, टाइल तेलकटपणा जाईपर्यंत धुतली तर भिंतीवर टिकतो, जमिनीवर नाही. भाड्याच्या घरात वर्षा-दोन वर्षांसाठी करायचं असेल तर स्टिकर, स्वतःच्या घरात नको.

नळ बदलायचे आहेत, भिंत फोडायला लागेल का?

साधा बिब कॉक (भिंतीतला नळ), अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा कॉक), जेट स्प्रे, बेसिनचा पिलर कॉक (उभा नळ) हे सगळं न फोडता बदलतं, अर्धा इंची आटे सगळीकडे सारखेच. वॉल मिक्सर असेल तर गरम आणि थंड पाण्याच्या दोन पॉइंटमधलं अंतर मोजा, साधारणपणे सहा इंच असतं, थोडा फरक मिक्सरसोबत येणाऱ्या वाकड्या लेगने भरून निघतो.

पण बिल्डिंग जुनी असेल आणि आत जीआयची म्हणजे लोखंडी पाइपलाइन असेल तर सांभाळून. गंजलेला नळ जोर लावून फिरवला की कधीकधी आतल्या एल्बोचे (पाइपच्या वळणाच्या जोडाचे) आटेच तुटून हातात येतात आणि मग भिंत फोडावीच लागते. अशा ठिकाणी नळ गळतोय म्हणून सगळा काढण्याऐवजी आतलं स्पिंडल किंवा वॉशर बदलून बघा, काम शंभर-दोनशेत होतं. बदलायचंच असेल तर प्लंबर सकाळी बोलवा, शनिवारी संध्याकाळी तर अजिबात नको, आणि मेन कॉक खरंच बंद होतो का ते आदल्या दिवशी तपासा. बऱ्याच घरांत तो वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो.

मॅट काळे नळ सुंदर दिसतात, मान्य. मुंबईत तलावाचं पाणी आहे, तिथे एक वेळ चालतील. पण पुण्यात वाघोली, वाकड, हिंजवडी बाजूला जिथे टँकर नाहीतर बोअरचं पाणी आहे तिथे आठवड्यात पांढरे ओघळ दिसतात आणि ते घासायला गेलात की रंग जातो. तिथे आपलं साधं क्रोमच बरं.

हॉटेलसारखा मोठा शॉवर बसवायचाय.

आधी शॉवर पॉइंटखाली बादली धरून बघा. दहा लिटरची बादली भरायला मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल तर मोठ्या शॉवरमधून नुसते थेंब पडतील. वरच्या मजल्यावर हा त्रास जास्त, कारण गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असते आणि पाण्याला उंचीचा दाब मिळतच नाही. तिथे छोटा, बारीक भोकांचा शॉवर किंवा हँड शॉवर जास्त सुख देतो.

काचेचं पार्टिशन?

जागा पाच बाय सातपेक्षा कमी असेल तर नको. वळायला जागा राहत नाही, बादली कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, आणि जड पाण्यात काच महिनाभरात धुरकट होते. रॉड लावून पडदा टाका, मळला की धुवा, फाटला की बदला.

दार खालून कुजलंय.

लाकडी दार असेल तर कुजणारच. खालचा थोडाच भाग गेला असेल तर तेवढा कापून, नीट सुकवून, आतून फूटभर अॅल्युमिनियमचा पत्रा मारून घ्या, काही वर्षं जातात. पूर्ण गेलं असेल तर पीव्हीसी, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) किंवा फायबरचं दार बसवा. पीव्हीसी स्वस्त पण हलकं आणि वाजतं, डब्ल्यूपीसी भक्कम आणि रंगही देता येतो. चौकट लाकडी असेल तर तिचे पायही टोकरून बघा, नाहीतर नवीन दार कुजक्या चौकटीला लटकेल.

छताचा रंग सारखा सुटतो, काय मारू?

डिस्टेंपर मारला असेल तर सुटणारच, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. सगळा खरवडा, सुकू द्या, बुरशीरोधक प्रायमर आणि वर बाथरूमला चालेल असा इमल्शन. पण खरा इलाज हवा बाहेर जाण्याचा आहे. सहा किंवा आठ इंची एक्झॉस्ट फॅन लावा आणि आंघोळीनंतर दहापंधरा मिनिटं चालू ठेवा. ओल वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर मात्र रंगाचे पैसे फुकट, आधी वरच्यांशी आणि सोसायटीशी बोला, लेखी बोला.

खिडकीच्या पट्ट्या बंद करून तिथे शेल्फ करायची आयडिया बरेच जण काढतात. कृपया करू नका, आणि गॅस गीझर असेल तर अजिबात नाही. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करताना बेशुद्ध पडतो. खरं तर गॅस गीझर बाथरूमच्या आत नसावाच, बाहेर मोकळ्या हवेत बाल्कनीत हलवा. मेकओव्हरमध्ये एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर आधी ही करा, आरसा नंतर.

लाइट आणि इलेक्ट्रिकचं काय?

एकच ट्यूब दाराच्या वर असते आणि आरशात आपली सावली दिसते, हे बहुतेक घरांत. आरशाच्या वर किंवा बाजूला एक एलईडी लावा, निळसर पांढऱ्यापेक्षा ४००० केल्विनचा घ्या, चेहरा आजारी दिसत नाही. पाण्याचे शिंतोडे येणाऱ्या जागी आयपी ४४ (दिव्यात पाणी शिरू नये म्हणूनचं रेटिंग) किंवा त्यावरचं बघा. गीझर दोन किलोवॅटचा असेल तर साधारण नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा, म्हणजे सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवायचाच नाही, सोळाचा हवा आणि अर्थिंग खरं हवं. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियन आलेलाच आहे तर बसवून घ्या.

शेल्फ, हुक, आरसा लावताना टाइल फुटेल अशी भीती वाटते.

टाइलसाठी भाल्याच्या टोकासारखं बिट मिळतं ते घ्या, वर मास्किंग टेप लावा, हॅमर मोड बंद ठेवून हळू सुरू करा, टाइल पार झाली की मग भिंतीसाठी साधं बिट. नळाच्या आणि शॉवरच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. आरसा सिलिकॉनने चिकटवायचा असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागा, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्याने आरशाच्या मागचा थर खराब होतो.

घरात आजीआजोबा असतील तर कमोडशेजारी स्टीलचा धरायचा बार लावाच, व्हॅक्यूमने चिकटणारा नको, ऐन वेळी सुटतो. नवीन बिल्डिंगमध्ये भिंत हलक्या ब्लॉकची असते, तिथे साधा प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचा वेगळा अँकर मागा आणि लावल्यावर स्वतः लटकून बघा.

सोसायटीची परवानगी लागते का?

नळ, आरसा, रंग यासाठी सहसा कुणी विचारत नाही. टाइल्सचं काम, ड्रिलिंग, माल वर आणणं असेल तर सेक्रेटरींना लेखी कळवा, दुपारी आवाज बंद, रविवारी काम बंद असे नियम असतातच. राडारोडा कचऱ्याच्या डब्यात किंवा नाल्याकाठी टाकायचा नाही. मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल म्हणून सोय आहे, बाकी ठिकाणी वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा, आणि तो उचलायचा खर्च कुणाचा हे कारागिराशी आधीच ठरवा.

कधी करावं आणि किती दिवस लागतात?

पावसाळ्यात नको, फटीही सुकत नाहीत आणि रंगही. दिवाळीनंतर ते मे पर्यंत चांगलं, फक्त होळीच्या आसपास बरेच कारागीर गावी जातात ते धरून चला. गणपतीच्या आधी सगळ्यांनाच घाई असते, तेव्हा रेटही चढतात आणि कामही उरकलं जातं.

फटी, नळ, आरसा, लाइट, रंग एवढंच असेल तर सुकण्याचा वेळ धरून आठवडा. क्रम असा ठेवा: आधी गळती, मग ड्रिलिंग आणि इलेक्ट्रिक, मग छताचा रंग, मग फटी, आणि नवीन नळ, आरसा सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर नव्या नळावर रंगाचे ठिपके ठरलेले. एकच बाथरूम असेल तर शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, आणि कारागिराला शेवटचा हप्ता दोनतीन दिवस पाणी वापरून, सगळे जोड कोरडे आहेत हे हात लावून बघितल्यावरच द्या.